वीतभर माती

तमाम चित्रपटप्रेमी जनतेस या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पडद्यावर नायक-नायिका ज्या हिरव्यागार शेतांतून धावत आली, त्यांतल्या निदान एका शेतात शिरण्यापूर्वी चपला काढाव्यात अशी सक्त तोंडी सूचना होती, आणि ती एकाही नायकाने पाळली नाही. नायिकांनी तर उंच टाचा घालून मोडली. प्रकरण जुनं आहे, आरोपी मोठमोठे आहेत आणि फिर्यादी आता हजर नाही. तेव्हा वाचकहो, तुम्ही तरी पुढचा मजकूर चपला काढून वाचावा, ही विनंती.

गोरेगाव पूर्वेला, वस्ती संपून टेकड्या आणि तबेले सुरू व्हायचे तिथे आमचा स्टुडिओ होता. ऐंशीच्या दशकात मी तिथलं स्टोअर सांभाळायचो. तलवारी, पाळणे, न्यायाधीशाचे हातोडे, तीन राजांचे मुकुट आणि पेंढा भरलेला एक वाघ, एवढ्यांचा मी पालक. स्टुडिओच्या मागच्या उतारावर राज्य मामांचं. ते सगळ्यांचेच मामा. खरं नाव कुणी विचारलं नाही, मीही नाही.

मामांचं काम शेतं पिकवण्याचं. निर्मात्याला पंजाब हवा असला की मामा उतारावर गहू पेरायचे, डाकूंचा मुलूख हवा असला की बाजरी. दीड-दोन महिन्यांत शेत उभं राहायचं. मग त्यातून घोडे धावायचे, नायिका त्यात लोळायची, खलनायक शेवटी त्याला काडी लावायचा, आणि मामा पुन्हा पेरायला घ्यायचे. कापणी नावाचा प्रकार त्या नोकरीत नव्हता.

शेताच्या कडेला पोचले की मामा चपला काढायचे, एकीला एक चिकटवून ठेवायचे आणि उजव्या पायाचा अंगठा मातीत खुपसायचे. डोळे मिटून. अंगठा कुठवर जातो त्याचा अंदाज घ्यायचे आणि निकाल द्यायचे, "अजून उपाशी हाय."

"कोण मामा?"

"ही." टाचेने जमीन दाखवायचे.

जमीन कसली, मुरूम! त्याच्यावर मोडलेल्या सेटांचा चुरा. आमचे कलादिग्दर्शक राजवाडे बांधायचे आणि शूटिंग संपलं की मोडून उतारावरच ढकलून द्यायचे. प्लास्टरचे तुकडे, थर्माकोल, रंगाचे डबे, आणि खिळे तर विचारू नका. मामांनी साउंडवाल्यांकडून एका फुटक्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक मागून आणलं होतं. त्याला सुतळी बांधून ते शेतभर ओढत फिरायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा कुत्र्याला फिरवतोय. संध्याकाळपर्यंत ते चुंबक खिळ्यांनी साळिंदरासारखं फुललेलं असायचं. मामा ते माझ्या टेबलावर आणून ठेवायचे.

"जमा करून घ्या, इस्टोरसाहेब."

"काय लिहू?"

"ल्हिवा, राजवाड्याची हाडं."

दोन सिनेमांच्या मधल्या काळात शेताची गरज नसायची. मामा तेव्हाही पेरायचे. ताग, चवळी, उरलीसुरली बाजरी, हाताला लागेल ते बियाणं. सुतारखात्याची दोरी दोन खुंट्यांना ताणायची आणि तिच्या कडेने ओळ धरायची. बी सोडायला त्यांनी फिल्मच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून, खाली बांबूची नळी लावून एक यंत्र केलं होतं. पीक गुडघ्याएवढं झालं की फूल धरायच्या आत कापायचे, तिथेच आडवं करायचे आणि पलीकडच्या तबेल्यातलं शेण घालून मातीत गाडायचे. पुढची ओळ त्याच्यावर.

आमचे व्यवस्थापक एकदा माझ्या स्टोअरच्या दारात वैतागले. "मामा, महिनाभर शूटिंग नाहीये. हे शेत कुणाला दाखवायचंय?"

"दावायचं न्हाई कुनाला. जमीन उघडी पडू द्यायची न्हाई, साहेब."

"का? तिला काय थंडी वाजते?"

"वाजती," मामा म्हणाले आणि पाणी घालायला गेले.

व्यवस्थापक माझ्याकडे बघत राहिले. मी वाघाच्या कानावरची धूळ झटकत राहिलो.

मामांचा हा काय खटाटोप आहे, हे मला एका दुपारी कळलं. मी डबा घेऊन उतारावर गेलो होतो, कारण कँटीनमध्ये त्या दिवशी पन्नास राक्षस जेवायला बसले होते आणि शिंगांमुळे जागा होत नव्हती. मामा भाकरी खात होते. मी सहज विचारलं, "मामा, गाव कुठलं?"

"साताऱ्याकडचं. आता न्हाई."

"म्हणजे?"

"पान्यात हाय. धरान झालं न्हवं का." हे त्यांनी 'वरच्या मजल्यावर राहतो' म्हणावं तितक्या सहज सांगितलं. "शेत पुरुषभर काळं व्हतं आमचं. माणूस उभा गाडला तर टोपीसुद्धा काळ्यातच ऱ्हायची, मुरूम लागायचा न्हाई. पानी आलं. आमी उठलो, माती कशी उठंल? ती ऱ्हायली तितंच."

बदल्यात मिळालेली जमीन लांबची आणि खडकाळ होती, ती भावाने धरली. मामा बायकोला घेऊन मुंबईला आले आणि त्याच वर्षी बायको गेली. मूलबाळ नव्हतं. हे सगळं त्यांनी अर्ध्या भाकरीत उरकलं.

"तवाच ठरवलं," मामा म्हणाले, "मरायच्या आदी वीतभर तरी माती करायची. कुठं का हुईना."

"इथे? स्टुडिओत?"

"मातीला काय ठावं, सातबारा कुनाचा हाय त्यो?"

त्यांनी बोटं फाकवली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक वीत. सहा वर्षांपूर्वी ते आले तेव्हा पायाचं नखसुद्धा आत जात नव्हतं म्हणे. आता किती झाली, ते बघायला त्यांनी माझ्यासमोर हाताने खड्डा उकरला. वरची काळसर माती सरली आणि खाली लाल मुरूम खरखरला. मामांनी बोटं लावून मोजलं. "दोन बोटं कमी हाईत. ती भरली की म्या मोकळा."

वाचकहो, मी हसलो. कबूल करतो. मला वाटलं, म्हाताऱ्याला एक छंद आहे. आमच्याकडे एक मेकअपमन काड्यापेट्या जमवायचा, तसंच हे.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी स्टोअरची किल्ली विसरलो म्हणून स्टुडिओत गेलो, आणि माझं हसू जरा आवरलं.

तेव्हा उताराच्या वरच्या अंगाला एका खेड्याचा सेट लागला होता. कलादिग्दर्शक शिवाजी पार्कात वाढलेला, त्याला खेडं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याने मामांना विचारलं, आणि मामांनी भराभर सांगितलं. देऊळ इथे, समोर पार, पाराच्या डाव्या हाताला विहीर, विहिरीवरून तिसरं घर, त्याला दोन पायऱ्या. कलादिग्दर्शक खूश. लोकांनी सेटची वाहवा केली. घरं अर्थातच समोरून घरं. मागे बांबू, गोणपाट आणि आकाश.

त्या सुट्टीच्या दिवशी स्टुडिओत चिटपाखरू नव्हतं. मामा विहिरीवरून तिसऱ्या घराच्या दुसऱ्या पायरीवर बसून जेवत होते. जेवण झालं. त्यांनी तांब्यातल्या पाण्याने हात धुतले, उठले, दाराची कडी वाजवली आणि आत, म्हणजे आकाशात, बघून म्हणाले, "जातो गं शेताकडं."

मी आल्या पावली परत फिरलो. महिनाभराने त्या खेड्याचा बनारस झाला. घाट बांधायला विहीर मोडली, तेव्हा मामा उतारावर होते. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. संध्याकाळी माझ्या टेबलावर खिळ्यांनी भरलेलं चुंबक ठेवलं. "काय लिहू?" मी विचारलं. मामांनी सुतळी सोडून घेतली आणि निघून गेले.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. मंडळी, पडदा.

एक दिग्दर्शक परदेशात जाऊन आले. जाऊन आले हे ते कुणाला विसरू देत नसत. भर उन्हात गळ्यात मफलर असायचा. येताना त्यांनी एक मासिक आणलं होतं. त्यात दोन पानांवर पसरलेलं एका शेताचं चित्र होतं. कुणीतरी ओल्या केसांतून कंगवा फिरवावा तशा हिरव्या ओळी थेट आकाशापर्यंत गेलेल्या. "मुझे यही चाहिए," दिग्दर्शक म्हणाले. गाणं होतं पावसातलं. नायिका त्या ओळींमधून धावणार आणि वरून धो धो पाऊस. नायिका का धावतेय, हे गाणं संपेपर्यंत कुणालाही कळायचं नव्हतं.

चित्राखाली बारीक इंग्रजी मजकूर होता. मामांनी मासिक माझ्यापुढे धरलं. "काय ल्हिवलंय ते वाचा की."

मी वाचून सांगितलं. पिकाचं नाव राय. आपल्या मोहरीच्या राईशी त्याचं काही नातं नाही, गव्हाचा परदेशातला चुलतभाऊ समजा. तिकडचे शेतकरी मुख्य पीक निघालं की हिवाळ्याच्या आधी हे ओळींत पेरतात. खाण्यासाठी नाही, विकण्यासाठीही नाही. बर्फापावसात जमीन उघडी राहू नये, माती वाहून जाऊ नये, एवढ्यासाठीच. वसंत ऋतू आला की आडवं करतात आणि त्यातच पुढचं पीक घेतात.

मामांनी मासिक हातात घेतलं. उलटं होतं, ते सुलटं केलं. ओळींवरून बोट फिरवलं.

"परत वाचा," म्हणाले.

मी परत वाचलं.

"म्हंजी तितंबी हाईत," ते म्हणाले. "माज्यासारकी." आणि मग, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, तोंडभर हसले. समोरचे दोन दात नव्हते हे मला त्या दिवशी समजलं. पुढे आठवडाभर ते कुणालाही गाठायचे आणि सांगायचे, "तिकडं परदेशात बी पेरत्यात बरं का. नुसतं झाकायला." लाइटवाले म्हणायचे, "हो का मामा? झकास!" आणि दिवे उचलून निघून जायचे.

निर्माता होता एक शेठ, दहा बोटांत बारा अंगठ्या. त्याच्या मेव्हण्याने परदेशातून येताना सामानात रायचं एक पोतं घालून आणलं. डिसेंबर होता. मामांनी पोत्यातलं बी ओंजळीत घेतलं, एक दाणा दाताखाली धरला, कुडुम केलं आणि म्हणाले, "जरा नाकानं लांब हाय, पन गव्हाच्याच घरचं." तीन दिवस ते दोरी ताणून ओळी धरत होते. पाचव्या-सहाव्या दिवशी उतार हिरवा दिसायला लागला. कोवळं पातं जांभळट यायचं आणि मग हिरवं व्हायचं. मामा मुळं उपटून मला दाखवायचे. वर बोटभर पातं आणि खाली म्हातारीच्या केसांसारखा मुळांचा झुपका, त्यात माती गच्च धरलेली. "बगा, कसं धरलंय. सोडंना. ही दोन बोटं हेच भरतंय बगा. भरून बी उरंल."

पंधराव्या दिवशी दिग्दर्शक आले. उताराच्या पायथ्याशी उभे राहिले, कॅमेऱ्यातून कसं दिसेल ते बघायची गळ्यातली काच डोळ्याला लावली आणि ओरडले, "ये क्या किया?"

मामांनी काय केलं होतं? ओळी आडव्या पेरल्या होत्या. उताराला आडव्या, जशा त्यांच्या बापाने आणि आज्याने पेरल्या असतील तशा. पायथ्याच्या कॅमेऱ्यातून कंगव्याचे दात दिसायचे ते झोपलेले दिसत होते. जिन्याच्या पायऱ्यांसारखे.

"मुझे लाइनें ऐसी चाहिए, मामा. लेन्स से सीधी आसमान तक!"

"साहेब, उतार हाय ह्यो. उभ्या वळी धरल्या तर पानी वळीवळीनं खाली येतंय, माती घिऊन. आडवी वळ त्याला अडवती."

"अरे, लेकिन पानी आएगा कहाँ से? बारिश का मौसम है क्या?"

"तुमचं गानं पावसाचं हाय न्हवं?"

दिग्दर्शक हसले. सगळं युनिट हसलं. आमचे व्यवस्थापक समजावणीच्या सुरात म्हणाले, "मामा, तो खोटा पाऊस. टँकर लावणार, पाइपने फवारे मारणार."

"पाऊस खोटा, साहेब," मामा म्हणाले. "पन पानी खरंच आसंल की."

यावर हुकूम सुटला. हे सगळं मोडा. पोत्यात अर्धं बी शिल्लक आहे, ते उभ्या ओळींत पेरा. महिन्याने शूटिंग. मामांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उतारावर गेलो, तर मामा शेताच्या बांधावर बसलेले. पायांत चपला होत्या. मातीवर, चपला घालून! शेजारी वळकटी आणि पत्र्याची ट्रंक.

"हे काय मामा?"

"उभं पेरायचं म्हनत्यात."

"मग पेरा की. पुन्हा आडवं पेरायला तुम्हांला कोण अडवतंय?"

"इस्टोरसाहेब," मामा हळू आवाजात म्हणाले, "चार दीस टँकरचं पानी सोडनार. उभ्या वळीत. सा वर्सांची माती चार दिसात नाल्याला जाईल. ऱ्हाईल काय? त्यो मुरूम. एकदा आमची माती पान्यात गेली, तवा आमी काई करू शकलो न्हाई. सरकारचं काम व्हतं, मोटं व्हतं. पन ही म्या माज्या हातानं सोडू व्हय? ह्या गान्यापायी?"

वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? गंभीर माणसाने दिग्दर्शकाला मृदसंधारणाचं महत्त्व समजावलं असतं आणि हाकलला गेला असता. मी आयुष्यभर खोट्या तलवारी सांभाळल्या. मला एवढं कळत होतं की आमच्या धंद्यात खरी गोष्ट खरी म्हणून चालत नाही. तिला पोशाख चढवावा लागतो.

मी शेठला गाठलं. त्या दिवशी त्याचा उपास होता, म्हणजे मन देवाकडे होतं. मी आवाज खाली आणला, डोळे मोठे केले. "शेठ, लहान तोंडी मोठा घास घेतो. उतारावर उभ्या ओळी काढून वरून पाणी सोडणार म्हणतात."

"हो. मग?"

"पाणी म्हणजे लक्ष्मी, शेठ. आपल्या हाताने तिला वाट करून द्यायची? नाल्यापर्यंत?"

शेठच्या बारा अंगठ्या एकदम थांबल्या. "असा कोण बोलला?"

"एक जुना जाणकार माणूस आहे. आडव्या ओळी तिला अडवतात म्हणतो."

यात मी एक अक्षर खोटं बोललो नाही. वाहून जाणारी वस्तू तेवढी बदलली.

"अरे बाप रे," शेठ म्हणाला, आणि उपाशीपोटी मफलरवाल्याकडे धावत गेला.

पुढचं सोपं होतं. आमचा कॅमेरामन घाटकोपरचा, माझा जुना दोस्त. मी त्याला म्हटलं, "अरे, पायथ्याशी कशाला उभा राहतोस? बाजूला ये ना. ओळीच्या टोकाशी."

तो उताराच्या बगलेला आला, वाकला, डोळा मिटला. तिथून बघितलं तर त्याच आडव्या ओळी सरळ लांब पळत जाऊन आकाशात शिरत होत्या. कंगवाच कंगवा. पलीकडे फक्त स्टुडिओची पाण्याची टाकी मध्ये येत होती.

"च्यायला," कॅमेरामन म्हणाला, "हे तर त्या मासिकापेक्षा भारी आहे. टाकीचं काय करू?"

"चर्च करू," मी म्हटलं. माझ्या स्टोअरमध्ये एक क्रूस होताच. टाकीवर तो चढवला, फळ्या मारल्या, आणि गोरेगावात परदेश उभा राहिला. दिग्दर्शक तीन दिवस रुसून होते. चौथ्या दिवशी ही कल्पना त्यांचीच होती असं ते सगळ्यांना सांगायला लागले.

मामांनी चपला काढल्या आणि वळकटी उताराकडेच्या आपल्या खोलीत नेऊन ठेवली.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी टँकर आले, पाइप सरसावले, फवारे सुटले. नायिका धावली. उंच टाचांनी. सगळं युनिट तिच्याकडे बघत होतं, आणि जगात एवढे दोनच पुरुष असतील जे त्या क्षणी तिच्याकडे बघत नव्हते. मामा आणि मी, आम्ही नाल्याच्या काठी उभे होतो. उतारावरून पाणी येणार ते तिथेच.

बराच वेळ काही आलं नाही. मग एक बारीक धार आली. मामांनी कँटीनचा चहाचा पेला धारेखाली धरला, भरला आणि उन्हाकडे करून बघितला. माझ्याही डोळ्यांपुढे धरला. पेल्यातून मला पलीकडचं चर्च दिसलं. जरासं पिवळट, पण दिसलं.

"निवळ हाय," मामा म्हणाले. "इस्टोरसाहेब, निवळ हाय पानी."

चारही दिवस ते तो पेला घेऊन तिथेच होते. पॅक-अप झाल्यावर ते माझ्याकडे आले आणि त्यांनी मला एक नमस्कार केला. मला अवघडल्यासारखं झालं, म्हणून मी म्हटलं, "काय मामा, पेला जमा करा." ते गंभीरपणे म्हणाले, "त्यो ऱ्हाऊ द्या माज्याकडं." मी वहीत लिहिलं, चहाचा पेला, एक, मामा.

तो सिनेमा कधीच पुरा झाला नाही. शेठची लक्ष्मी कुठल्या वाटेने गेली देव जाणे, आडव्या ओळींनी ती काही अडली नाही. युनिट आलं नाही, घोडे आले नाहीत, काडी लावायला खलनायक आला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा, त्या चार दिवसांपलीकडे, मामांचं शेत कुणीच तुडवलं नाही.

तुम्हांला वाटेल, मामा आनंदले असतील. मलाही तसंच वाटलं. पण त्या दोन महिन्यांत मी त्यांना पाहिलं ते फार एकटं. आधी निदान शिव्या द्यायला माणसं यायची. आता दिवसभर म्हातारा आणि त्या परक्या पिकाच्या ओळी. मी जेवायला जायचो तेव्हा ते पिकाशी बोलत असायचे आणि मला बघून थांबायचे. पीक भराभर फुटत गेलं, दाट झालं, पण ओंबी काही धरेना. मामा रोज पातं बाजूला करून बघायचे.

"त्याला बर्फ लागतो बहुतेक," मी म्हटलं. "तिकडच्यासारखी थंडी पडल्याशिवाय नाही धरणार."

"लागत आसंल," मामा म्हणाले. "ह्यो त्याचा मुलूख न्हवं. हिरवं ऱ्हायलं, हेच लई झालं."

ऊन तापायला लागलं तसं ते पिवळं पडलं. मामांनी ओळीवर फळी ठेवायची, फळीवर उभं राहायचं, पुढे सरकायचं, असं करून सगळं शेत आडवं केलं. उतारावर जाड चटई अंथरल्यासारखं दिसत होतं. एक दिवस त्यांनी मला हाक मारून नेलं. चटई बाजूला करून खड्डा उकरला होता. त्यांनी हात आत घातला, करंगळी तळाला टेकवली आणि बोटं ताणून अंगठा काठाला लावला.

"भरली."

"वा! मामा, आता काय?"

"आता काय," मामा म्हणाले. मातीने भरलेला हात त्यांनी झटकला नाही, तसाच मांडीवर ठेवला. "उन्हाळ्यात पानी उतरतंय आमच्याकडं. देवळाचा कळस दिसतो म्हनत्यात. शेत खालच्या अंगाला हाय, ते न्हाई दिसायचं."

मला त्या दिवशी स्टोअरमध्ये काम होतं. एका पौराणिक चित्रपटाची गदा हरवली होती. मी म्हटलं, "बसतो हं नंतर निवांत," आणि गेलो.

आठवड्याने गेलो तर खोली रिकामी. खिळ्याला लोहचुंबक टांगलेलं, कोपऱ्यात बी पेरायचा फिल्मचा डबा. पेला नव्हता. वॉचमनला विचारलं.

"सकाळीच गेले ना. ट्रंक घेऊन. मी विचारलं, कुठे मामा? तर म्हणाले, गावाला."

"कुठल्या गावाला?"

"आता गावाला म्हणजे गावालाच असणार ना, साहेब," वॉचमन म्हणाला.

मी पत्र टाकायचं ठरवलं. मग लक्षात आलं की पत्र पाण्यात टाकता येत नाही, आणि वर नाव काय लिहू? माझ्या वहीत सहा वर्षांचं सगळं होतं. दोरी, फावडं, खुंट्या, पेला. प्रत्येकापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं, मामा. पुढे अधूनमधून कुणीतरी विचारायचं, "शेतवाले मामा दिसत नाहीत?" आणि उत्तराची वाट न बघता दिवे उचलून निघून जायचं. मामा परत आले नाहीत. शेतं आता कुणाला नको होती. युनिटं खऱ्या परदेशात जायला लागली होती.

दोनेक वर्षांनी स्टुडिओने मागच्या उतारावर इमारत बांधायची ठरवली. मुकादम टोळी घेऊन आला. जागा त्याला ठाऊक होती, सगळा मुरूम. म्हणून त्याने पहारी आणल्या होत्या, आणि पहिला घाव घालायला टोळीतला सगळ्यात धिप्पाड गडी पुढे केला. उतारावर सगळीकडे ओघळ पडले होते, तो तेवढा एक तुकडा सोडून. त्यावर दाट गवत होतं. मी कडेला उभा होतो. चपला माझ्या हातात होत्या. कधी काढल्या, मला आठवत नाही.

गड्याने पहार डोक्यावर नेली आणि जीव खाऊन हाणली. ठण्ण आवाज झालाच नाही. पहार नुसती आत शिरली, आणि गडी तिच्यापाठोपाठ तोंडावर आपटला. टोळी फिदीफिदी हसली. मुकादम शिव्या देत पुढे झाला, खाली वाकला, मूठभर उचलून त्याने दाबली, सोडली, परत दाबली. काळी, मऊ, मुळांनी भरलेली. त्याने वर आमच्या सगळ्यांकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाला,

"आयला, हितं माती कुणी आणून टाकली रे?"